राष्ट्रांचा करार आणि पदपथावरील माणूस

इसवी सन १९८८ च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस बंगळूर शहरात निरनिराळ्या देशांचे काही न्यायाधीश व कायदेपंडित एकत्र जमले होते. भारताचे माजी सरन्यायाधीश प्र. ना. भगवती हे या परिषदेचे निमंत्रक होते आणि राष्ट्रकुल सचिवालयाचे तिला साहाय्य होते. ऑस्ट्रेलियाचे मायकेल कर्बी, अमेरिकेच्या रूथ बेडर गिन्सबर्ग, झिंबाब्वेचे सरन्यायाधीश एनोक डुंबुत्शेना, पाकिस्तानचे सरन्यायाधीश मुहम्मद हलीम, मलेशियाचे सालेह अबास, इंग्लंडचे बॅरिस्टर अँथनी लेस्टर अशी मंडळी तेथे होती. चर्चेचा विषय दिसावयास रूक्ष होता. आंतरराष्ट्रीय करारांत जे मानवी हक्क नमूद केलेले आहेत, त्यांचा आधार देशोदेशींच्या न्यायालयांनी आपल्या निकालांत कितपत घ्यावा, हा तो विषय. तीन दिवसांच्या विचारविनिमयानंतर जे निवेदन तयार झाले, ते पुढे ‘बंगलोर तत्त्वे’ या नावाने प्रसिद्धीस आले. (याच शहराचे नाव धारण करणारी आणखी एक तत्त्वावली आहे. ती न्यायाधीशांच्या आचरणासंबंधीची असून २००१-०२ या काळातील आहे. दोहोंची गल्लत वारंवार होते, म्हणून हा खुलासा.)

या निवेदनातील मुख्य विचार अगदी सावध भाषेत मांडलेला आहे. देशाचा कायदा जेथे संदिग्ध किंवा अपुरा असेल, तेथे न्यायाधीशाने आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांच्या दंडकांकडे पाहावे; तसे पाहणे हे न्यायदानाच्या मर्यादेत बसते. परंतु देशाचा कायदा स्पष्ट असेल आणि तो आंतरराष्ट्रीय बंधनाशी विसंगत असेल, तर न्यायाधीशाने देशाचाच कायदा मानला पाहिजे. मात्र ती विसंगती त्याने संबंधित अधिकाऱ्यांच्या नजरेस आणून द्यावी. यात बंडखोरी काहीच नाही, असे प्रथम वाटते. तथापि त्याच वर्षी मेमध्ये सालेह अबास यांना मलेशियात निलंबित करण्यात आले व ऑगस्टमध्ये पदावरून दूर करण्यात आले. त्यांच्या पदच्युतीचा या परिषदेशी संबंध नव्हता, हे खरे. पण ज्या खुर्चीवर बसून तत्त्वांचा अंमल करावयाचा ती खुर्चीच किती डळमळीत असू शकते, हे त्यावरून ध्यानात येते.

परिषद न्यायाधीशांची होती. ज्या माणसाला न्यायालयाची पायरी ठाऊक नाही, ज्याच्यापाशी वकिलाची फी नाही, ज्याच्या घराला क्रमांक नाही, त्याचा या सर्व खटाटोपाशी काय संबंध? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा हा मूलतः राष्ट्राराष्ट्रांमधील कायदा होय. सीमा, समुद्र, राजदूत, युद्ध आणि तह हे त्याचे जुने विषय. व्यक्तीला त्यात स्थान नव्हते आणि दरिद्री व्यक्तीला तर नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटू लागले. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील २५ व्या कलमात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार आणि निरुपायाच्या काळातील संरक्षण यांचा उल्लेख हक्क म्हणून झाला. या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल असा शब्दप्रयोग होता. तो बदलून तेथे ‘सर्व मानव’ अशा अर्थाची शब्दयोजना व्हावी, असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला. परंतु जाहीरनामा हा जाहीरनामाच. त्याला कराराचे बंधन असावे म्हणून पुढे १९६६ मध्ये दोन करार झाले. एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. दोन्ही १९७६ मध्ये अमलात आले. भारत १० एप्रिल १९७९ रोजी या दोन्ही करारांत सामील झाला.

एकाऐवजी दोन करार का झाले, हा प्रश्न बारकाईने पाहण्याजोगा आहे. भाषणस्वातंत्र्य, अटकेपासून संरक्षण, मतदान हे हक्क ‘तात्काळ’ द्यावयाचे. अन्न, घर, काम, आरोग्य हे मात्र ‘उपलब्ध साधनसामग्रीच्या कमाल मर्यादेपर्यंत’ आणि ‘क्रमाक्रमाने’. दुसऱ्या कराराच्या दुसऱ्या कलमातील या शब्दांनी कित्येक सरकारांची सोय केली. ‘क्रमाक्रमाने’ याचा अर्थ ‘पुढे केव्हातरी’ असा लावणे कोणाही सचिवालयास अवघड नाही. खरे पाहता त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. जो टप्पा गाठला त्याच्या मागे जावयाचे नाही आणि पुढचे पाऊल कोणते ते सांगावयाचे, एवढे तरी त्यातून निघतेच. पण हे निघते असे म्हणणारे न्यायालय पाहिजे. पहिल्या कराराबरोबरच व्यक्तीला तक्रार करता येईल अशी तरतूद असलेला जोडकरार झाला. दुसऱ्या कराराला तसा जोडकरार मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. तो २०१३ मध्ये अमलात आला. भारताने तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे बंगळूरच्या किंवा मुंबईच्या झोपडीतून थेट जिनिव्हाच्या समितीकडे दाद मागण्याची वाट बंद आहे. जे काही करावयाचे ते देशातील न्यायालयांमार्फत. आणि म्हणूनच १९८८ च्या त्या सावध निवेदनाचे महत्त्व.

आपल्या देशात करारावर सही झाली म्हणजे तो आपोआप कायदा होत नाही. राज्यघटनेच्या २५३ व्या कलमानुसार संसदेने तसा कायदा करावा लागतो. ५१ वे कलम आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर बाळगण्यास सांगते, परंतु ते मार्गदर्शक तत्त्वांपैकी असल्यामुळे त्याच्या आधारे दावा लावता येत नाही. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ४ फेब्रुवारी १९८० रोजी एक निकाल दिला. जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन असे त्या खटल्याचे नाव. कर्ज फेडता आले नाही म्हणून बँकेने हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी ऋणकोला दिवाणी तुरुंगात टाकण्याचा मार्ग धरला होता. दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद आहे. परंतु नागरी व राजकीय हक्कांच्या करारातील ११ वे कलम म्हणते की केवळ कराराची पूर्तता करता आली नाही एवढ्याच कारणास्तव कोणास तुरुंगात टाकू नये. न्यायालयाने दोन्ही गोष्टी मान्य केल्या. आंतरराष्ट्रीय करार स्वतःच्या बळावर देशात लागू होत नाही. तथापि देशाच्या कायद्याचा अर्थ लावताना तो दृष्टिआड करता येत नाही. तेव्हा संहितेतील त्या तरतुदीचा अर्थ असा लावला पाहिजे की ज्याच्यापाशी पैसा आहे आणि जो बुडवेगिरीने तो देत नाही, त्यालाच तुरुंग. ज्याच्यापाशी नाहीच, त्याला नव्हे. दारिद्र्य हा गुन्हा नाही, ही गोष्ट न्यायालयाच्या निकालात लिहून ठेवावी लागते यात नवल वाटण्यासारखे काही आहे खरे. पण ती लिहिली गेली, आणि भारत करारात सामील झाल्यापासून वर्ष पुरे होण्याच्या आत लिहिली गेली.

आता मुंबईकडे वळू. पुढील हकीकत थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. कारण दारिद्र्य आणि कायदा यांच्या भेटीचे इतके स्पष्ट चित्र दुसरीकडे क्वचितच सापडते.

१३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या सर्वांना तेथून हलवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठविण्यात येईल. पावसाळा ऐन भरात होता. असे राहणे अमानुष आहे, पावसात या लोकांचे हाल होतात, असे कारण देण्यात आले. म्हणजे पावसात हाल होतात म्हणून पावसातच घर मोडावयाचे. दहा दिवसांनी, २३ जुलैला, तमिळनाडूतील सेलमहून आलेल्या एका मजुराची झोपडी महापालिकेच्या माणसांनी पाडली आणि त्याला कुटुंबासह सेलमच्या बसमध्ये बसविले. हा माणूस मूळचा भूमिहीन शेतमजूर. दुष्काळाने काम गेले म्हणून १९६१ मध्ये तो मुंबईस आला. दहिसर येथे एका रसायनांच्या कारखान्यात त्याला दिवसाला २३ रुपये मिळत. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या कडेला प्लास्टिक आणि कॅनव्हासचा आडोसा मिळविण्यासाठी त्याला एका झोपडीदादाला २,५०० रुपये मोजावे लागले होते. हिशेब केला तर ही साडेतीन महिन्यांहून अधिक दिवसांची सबंध मजुरी होते, जेवणखाण वजा न करता. बायको आणि मुली सेलमला राहिल्या. तो मात्र मुंबईस परतला आणि पुन्हा एका पदपथावर त्याने आडोसा केला. दुसरा अर्जदार नगर जिल्ह्यातील संगमनेरचा. चांभारकामावर दिवसाकाठी सात-आठ रुपये मिळविणारा; गावातले घर पडले, तेव्हा १९६९ मध्ये मुंबईत येऊन महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीतील पदपथासाठी ३०० रुपये गुंडाला आणि ७०० रुपये बांबू-प्लास्टिकला. त्याचेही छप्पर एकदा पाडले गेले होते आणि त्याने ते पुन्हा उभारले होते.

हे तपशील कोणा कादंबरीतले नाहीत. ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहेत. दोघांच्या बरोबर ओल्गा टेलिस ही पत्रकार अर्जदार होती आणि तिच्या नावाने हा खटला ओळखला जातो. दुसऱ्या अर्जांच्या गटात पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना आणि कामराज नगर या वस्तीतील रहिवासी होते. कामराज नगर १९६०-६१ च्या सुमारास वसले, ते द्रुतगती मार्गालगत जलवाहिन्या टाकणाऱ्या कंपनीच्या मजुरांचे. शहराला पाणी आणणाऱ्यांची वस्ती शहराच्या रस्त्याला अडथळा ठरली.

महापालिकेचा आधार होता १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमातील ३१४ वे कलम. रस्त्यावर किंवा पदपथावर काही उभारले असेल तर आयुक्ताला ते ‘सूचना न देता’ काढून टाकता येईल, असे त्यात म्हटले आहे. राणीच्या राज्यातील हा कायदा. तो करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा फेरीवाल्याची टोपली आणि दुकानाची फळी असावी. तीच तरतूद माणसांच्या बिऱ्हाडाला लागू करण्यात आली. त्यातही एक विशेष अडचण होती. मुंबई उच्च न्यायालयात अर्जदारांच्या वतीने असे कबूल करण्यात आले होते की पदपथावर झोपडी बांधण्याचा कोणताही मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर पाडकामाला हरकत घेणार नाही. महापालिकेने सर्वोच्च न्यायालयात हाच मुद्दा पुढे केला: दिलेला शब्द आता फिरविता येणार नाही.

सरन्यायाधीश यशवंतराव विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा मुद्दा फेटाळला. या निकालाचे नाव निघाले की लोक उपजीविकेच्या हक्काविषयी बोलतात आणि ते योग्यच आहे. परंतु हा आरंभीचा भाग अधिक वेळा वाचला जावयास हवा. न्यायालयाने म्हटले की मूलभूत हक्क हे केवळ त्या व्यक्तीच्या लाभासाठी नसून समाजाच्या हितासाठीही आहेत. कोणी ते सोडून देतो म्हटले तरी सोडता येत नाहीत, आणि राज्यघटनेविरुद्ध ‘तू तसे बोलला होतास’ असा प्रतिबंध उभा करता येत नाही. दरिद्री माणसाच्या दृष्टीने याहून मोलाचे दुसरे काय असू शकेल? त्याला पदोपदी अंगठा उठवावा लागतो. सावकारापुढे, मुकादमापुढे, पोलीस चौकीत, कधी आपल्याच वकिलाच्या सांगण्यावरून. पोट भरलेला माणूस करार करतो. उपाशी माणूस कबूल करतो. त्या कबुलीने त्याचा हक्क संपत नाही, हे तत्त्व झोपडीतल्या माणसाच्या बाबतीत तेव्हा ठामपणे सांगितले गेले.

पुढचा युक्तिवाद सर्वपरिचित आहे. घटनेचे २१ वे कलम जीविताच्या हक्काचे. जगण्याचे साधन काढून घेतले तर जीवित राहत नाही. म्हणून उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्कातच समाविष्ट आहे. ३९ व्या आणि ४१ व्या कलमांतील मार्गदर्शक तत्त्वांचा त्याला आधार देण्यात आला. माणूस पदपथावर हौसेने राहत नाही; कामाची जागा जवळ असते म्हणून राहतो. घर हलविले तर काम जाते आणि काम गेले तर जीव जातो, इतकी सरळ साखळी न्यायालयाने मान्य केली. ३१४ व्या कलमातील ‘सूचना न देता’ या शब्दांचा अर्थही न्यायालयाने आवळला: तो अधिकार आहे, आज्ञा नव्हे, सामान्यतः माणसाचे म्हणणे ऐकूनच त्याला हलविले पाहिजे.

आणि तरीही अर्जदार हरले. पदपथ चालण्यासाठी आहेत, त्यावर कायमची वस्ती करण्याचा हक्क कोणास नाही, ३१४ वे कलम घटनाबाह्य नाही, असा निर्णय झाला. महापालिकेने म्हणणे ऐकून घेतले नव्हते हे खरे, परंतु आता सर्वोच्च न्यायालयाने ते सविस्तर ऐकलेच आहे, असेही सांगण्यात आले. या शेवटच्या वाक्याशी सहमत होणे कठीण आहे. दोन-चार अर्जदारांचे म्हणणे दिल्लीत वकिलांच्या तोंडून ऐकणे आणि प्रत्येक बिऱ्हाडाला ‘तू कोठे काम करतोस, मुले कोणत्या शाळेत आहेत, कोठे जाशील’ असे त्याच्या दारात विचारणे, या एकच गोष्टी नव्हेत. निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. दुसऱ्या दिवशी चंद्रचूड निवृत्त झाले. पाडकामाला ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना उलटेपर्यंत, मनाई करण्यात आली. ज्यांच्यापाशी १९७६ च्या झोपडपट्टी गणनेतील ओळखपत्र होते त्यांना मालवणी किंवा अन्यत्र पर्यायी जागा द्यावी असे सांगण्यात आले. वीस वर्षांहून जुन्या व सुधारलेल्या वस्त्या सार्वजनिक कारणाशिवाय हटवू नयेत असेही.

तत्त्व जिंकले आणि माणूस हरला, असे या निकालाचे वर्णन करण्याचा मोह होतो. परंतु ते पुरेसे नाही. त्या तत्त्वाने पुढे बराच प्रवास केला. ढाक्यातील वस्त्या उठविण्याच्या प्रकरणात बांगलादेशच्या न्यायालयाने १९९९ मध्ये त्याचा आधार घेतला. आणि पावसात घर मोडू नये ही जी साधी माणुसकीची गोष्ट १९८५ च्या आदेशात होती, तिलाच संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कविषयक समितीने १९९७ मध्ये आपल्या सातव्या सर्वसाधारण भाष्यात नियमाचे रूप दिले. सक्तीने घर खाली करविताना संबंधितांशी खरीखुरी चर्चा व्हावी, पुरेशी पूर्वसूचना द्यावी, अधिकाऱ्यांनी स्वतः हजर राहावे, पाडणाऱ्यांची ओळख पटावी, रात्री किंवा वाईट हवामानात हे काम करू नये, दाद मागण्याची सोय असावी, आणि त्यामुळे कोणी बेघर होऊ नये, असे त्यात सांगितले आहे. मुंबईच्या निकालातूनच हे उचलले असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी अनुभव एकच होता.

दक्षिण आफ्रिकेतील एक उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. केपटाउनजवळच्या वॉलेसडीन येथील आयरीन ग्रूटबूम आणि तिच्यासारखी सुमारे ९०० माणसे (त्यात निम्म्याहून अधिक मुले) एका खाजगी जमिनीवर राहावयास गेली. १९९९ च्या मे महिन्यात, हिवाळ्याच्या तोंडावर, बुलडोझर लावून त्यांची खोपटी पाडण्यात आली आणि सामानही जाळले गेले. त्या देशाच्या १९९६ च्या राज्यघटनेत घराचा हक्क लिहिलेला आहे, आणि हक्कांचा अर्थ लावताना न्यायालयाने आंतरराष्ट्रीय कायदा विचारात घेतलाच पाहिजे असेही लिहिलेले आहे. म्हणजे बंगळूरच्या परिषदेत जे ‘घ्यावे’ होते, ते तेथे ‘घेतलेच पाहिजे’ झाले. २००० च्या ऑक्टोबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने, न्यायमूर्ती याकूब यांच्या निकालपत्राद्वारे, असे ठरविले की ज्यांच्या डोक्यावर आज काहीच नाही त्यांच्यासाठी काहीही तरतूद नसलेली गृहयोजना ही वाजवी योजना नव्हे. हा निकाल जगभर अभ्यासला जातो. आयरीन ग्रूटबूम २००८ मध्ये वारली, तेव्हा ती झोपडीतच राहत होती.

बंगळूरकडे पुन्हा येऊ. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने याच शहरात दुसरी एक परिषद भरविली. या वेळचा विषय थेट आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्क आणि वकिलांची भूमिका हा होता. तिच्यातून निघालेल्या ‘बंगलोर घोषणापत्रा’त या हक्कांची वकीलवर्गाने उपेक्षा केली अशी कबुली आहे आणि वर उल्लेखिलेल्या जोडकराराचा पुरस्कारही आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग खटल्यात जागतिक जाहीरनाम्याचे २५ वे आणि कराराचे ११ वे कलम उद्धृत करून निवाऱ्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग ठरविला. अनुसूचित जातींच्या घरांसाठी जमीन संपादन करण्याविरुद्ध जमीनमालकांनी आणलेला तो खटला होता; म्हणजे येथे हक्काचे शब्द आणि गरिबाचा लाभ एकाच बाजूला आले.

पण न्यायालयाचे मन एका दिशेनेच चालते असे मानू नये. बंगळूरच्या एका जागरूक नागरिकेने घनकचऱ्याच्या व्यवस्थेसाठी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. मागणी अगदी योग्य होती. त्याच अर्जावर फेब्रुवारी २००० मध्ये आदेश देताना न्यायालय दिल्लीच्या झोपडपट्ट्यांकडे वळले आणि अतिक्रमण करणाऱ्याला पर्यायी जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देण्यासारखे आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. पंधरा वर्षांपूर्वी याच न्यायालयाने ज्याला नाइलाजाने पदपथावर आलेला मजूर म्हटले होते, तो आता खिसेकापू झाला. कायद्याचे कलम एकही बदलले नव्हते. शब्द तेवढा बदलला होता. ‘वस्ती’ म्हणावे की ‘अतिक्रमण’, ‘स्थलांतर’ म्हणावे की ‘घुसखोरी’, यावर पुष्कळ काही ठरते.

दारिद्र्य हा गुन्हा नाही हे १९८० मध्ये ठरले असले तरी कर्नाटकाचा भिक्षाबंदी कायदा १९७५ चा आहे आणि मालमत्ता कराबरोबर नागरिकांकडून तीन टक्के भिक्षुक उपकरही घेतला जातो. त्या पैशातून बंगळूरच्या मागडी रस्त्यावर केंद्र चालते. रस्त्यावरून उचललेली माणसे तेथे ठेवण्यात येतात. ऑगस्ट २०१० मध्ये या केंद्रात थोड्या दिवसांच्या अवधीत अनेक माणसे दगावली. समाजकल्याण मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. तेथे डांबलेल्या माणसांपैकी किती जण भिकारी होते आणि किती जण केवळ फाटक्या कपड्यांतील मजूर होते, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला. मुळात भिकारी असणे हेच डांबण्यास पुरेसे का असावे, हा प्रश्न मागे राहिला.

जानेवारी २०१३ मध्ये कोरमंगलाजवळील एजीपुर येथील वस्ती उठविण्यात आली. तेथे महापालिकेनेच आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी सदनिका बांधल्या होत्या. त्यांपैकी काही कोसळल्या आणि रहिवासी त्याच जागी पत्र्याच्या खोपटांत राहू लागले. जमीन दरम्यान फार किमती झाली होती. तिच्या विकासाचा करार खाजगी विकासकाशी झाला. एका भागावर घरे आणि दुसऱ्या भागावर व्यापारी संकुल. बुलडोझर आले तेव्हा हजारो माणसे उघड्यावर पडली, त्यांतील कित्येक जवळच्याच पदपथावर. येथे तर अतिक्रमण हा शब्दही सहजी बसत नव्हता. हे लोक सरकारी यादीतील लाभार्थी होते.

जानेवारी २०२० मध्ये बेळ्ळंदूरजवळील करियम्मन अग्रहार येथे परप्रांतीय मजुरांची खोपटी पाडण्यात आली. रहिवासी बेकायदा आलेले बांगलादेशी आहेत, असे कारण देण्यात आले. राहणाऱ्यांत उत्तर कर्नाटकातील माणसेही होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना, जी १९८१ मध्ये मुंबईच्या प्रकरणात होती तीच, कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. मुख्य न्यायमूर्ती तेव्हा ठाण्याचे अभय ओक होते. तीन-चार दिवसांत पाडकामास स्थगिती मिळाली. पोलिसांना अशा कारवाईचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला, असा प्रश्न न्यायालयाने केला, आणि बेघर झालेल्यांच्या पुनर्वसनाचा व भरपाईचा विचार करण्यास राज्य सरकारला भाग पाडले. मुंबईतील अर्जदाराला चार वर्षे थांबावे लागले होते. येथे काही दिवस पुरले. अर्थात खोपटी तोवर पडलेली होतीच.

त्यानंतर तीन महिन्यांनी टाळेबंदीत याच मजूरवर्गाची उलटी कहाणी घडली. मे २०२० मध्ये गावी परतू इच्छिणाऱ्यांसाठी रेल्वेगाड्या सुरू झाल्या होत्या. ५ मे रोजी मुख्यमंत्र्यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली आणि राज्य सरकारने रेल्वेला गाड्या रद्द करण्याविषयी कळविले. टीका झाल्यावर दोन-तीन दिवसांत तो निर्णय मागे घेण्यात आला. १९८१ मध्ये मुंबईच्या सरकारने मजुराला बसमध्ये बसवून गावी पाठविले. २०२० मध्ये बंगळूरच्या सरकारने त्याला गाडीत बसू दिले नाही. दोन्ही वेळा त्याला कोणी विचारले नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने सप्टेंबर २०१२ मध्ये ‘अतिदारिद्र्य आणि मानवी हक्क’ या विषयावरील मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांत हाच विचारण्याचा मुद्दा पुनःपुन्हा आलेला आहे. दरिद्री माणूस हा दयेचा विषय नसून हक्काचा धारक आहे. त्याच्याविषयी निर्णय घेताना त्याचा सहभाग असावा. रस्त्यावर झोपणे, भीक मागणे यांसारख्या जगण्याच्या धडपडीला गुन्हा ठरवू नये. आणि केवळ कागदपत्र नाही म्हणून त्याला सेवा नाकारू नये. ही तत्त्वे करार नाहीत, कोणावर बंधनकारक नाहीत. बंगलोर तत्त्वांची रीत मात्र अशांच्या उपयोगाची आहे: कायदा जेथे संदिग्ध असेल तेथे न्यायाधीशाने यांकडे पाहावे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मूळच्या १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याची दिल्लीस लागू असलेली बरीचशी कलमे रद्द केली, आणि २०१९ मध्ये शकूर बस्तीच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन सांगितले की वस्ती हटविण्यापूर्वी पाहणी व रहिवाशांशी अर्थपूर्ण चर्चा झाली पाहिजे.

शेवटी कागदाविषयी. मुंबईत पर्यायी जागा मिळावी की नाही हे १९७६ च्या ओळखपत्रावर ठरले. ज्या दिवशी गणना करणारा आला त्या दिवशी जो कामावर गेला होता, किंवा जो त्यानंतर आला, त्याच्यापाशी ते नव्हते. करियम्मन अग्रहारमध्ये खोपटी पडत असताना लोक आधारपत्र, मतदार ओळखपत्र दाखवीत होते. आसाममधून आलेल्या काहींनी तर राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतील आपल्या नावाचा कागदही बरोबर ठेवला होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पावसापासून जपून ठेवलेले हे कागद असतात. घर मोडू लागले की बायका प्रथम मूल उचलतात आणि मग ती पिशवी.